जांगडावर गेलेलं घड्याळ

सोन्याचं दुकान सासऱ्यांचं, पण घड्याळांचं काउंटर माझं. पुसदमध्ये एका परदेशी कंपनीचं घड्याळ फक्त आमच्याकडे मिळायचं, आणि तो तोरा मी सतरा वर्षं मिरवला. गेल्या हिवाळ्यात कंपनीचं पत्र आलं: यापुढे आमची घड्याळं आमच्याच दुकानांतून, सराफांकडून नाही. आम्हाला जवळचं दुकान म्हणजे नागपूरचं. खाली आजवरच्या सहकार्याबद्दल आभारही मानले होते. केसाने गळा कापायचा तो असा.

उरलेला माल न्यायला कंपनीचा माणूस ठरल्या तारखेच्या चार दिवस आधीच उगवला आणि यादीवरून एकेक नंबर जुळवू लागला. एक घड्याळ कमी भरलं. ते कुठं आहे हे मला ठाऊक होतं.

ते जांगडावर गेलं होतं, म्हणजे पसंतीसाठी घरी. आमच्याकडून पाटल्या जायच्या तशी घड्याळंही जायची. घरच्यांनी बघावं, पटलं तर ठेवावं, नाहीतर आणून द्यावं. चिठ्ठी नाही, सही नाही. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचे एक शेतकरी आदल्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशीच्या साखरपुड्यात होणाऱ्या जावयाला घालायला ते घेऊन गेले होते. थोरल्या जावयाचं घड्याळही त्यांनी माझ्याकडूनच नेलं होतं.

"विकलं समजा, आत्ता बिल करते," मी म्हटलं.

"मॅडम, तुमचं बिलिंग सकाळीच बंद झालं. आज पीस आला नाही, तर तो नंबर चोरीला गेला म्हणून नोंदवावा लागेल. मग सर्व्हिसला कुठंही दिला तरी जप्त."

एवढं बोलून तो शांतपणे चहा पीत बसला. मला तो कप त्याच्या डोक्यावर ओतावासा वाटला. त्या पोराच्या मनगटावर चोरीचं घड्याळ राहू द्यायचं, की भर साखरपुड्यात ते काढून आणायचं? तिसरी वाट नव्हती. फोन कोणी उचलेना. शेवटी गाडी काढली.

तांड्यावर मांडव, डीजे, माणसंच माणसं. मुलीचे वडील लगबगीने पुढे आले. "या बाई, या! सगाईले आल्या, लय बरं वाटलं." त्यांनी मला पहिल्या पंगतीत बसवलं. समोर जावई मनगट पुढे करून मित्रांना घड्याळ दाखवत होता. पुरीचा घास मी ताटात परत ठेवला. तशीच उठले, वडिलांना पाण्याच्या टाकीमागे नेलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजे जावयाच्या हातातून काढाचं? पाहुण्यांच्या समोर?"

"हो भाऊ."

ते स्वतःच जावयापाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जवाईबापू, पट्टा ढिला होऊन राह्यला. बाई त्याच्यासाठीच आल्या. दोन कड्या कमी कराच्या आहेत."

पट्टा अगदी नीट बसत होता. पोराने हसत घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. आपल्या सगळ्या माणसांसमोर ते माझ्यासाठी खोटं बोलले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते गाडीपर्यंत सोडायला आले. मी म्हटलं, "भाऊ, नागपूरले कंपनीचं दुकान आहे. हेच घड्याळ तिथं भेटते. आपण दोघं जाऊ."

"पसंतीले घरी देते काय तिथं?"

"नाही."

"मले ओळखते कोनी?"

"नाही."

"अन् तुमाले?"

त्या कंपनीचं नाव मी दिग्रसपासून महागावपर्यंत घरोघरी पोचवलं होतं. पण त्या दुकानाच्या दारात मीही पहारेकऱ्याला पर्स उघडून दाखवणारी कोणीतरी बाईच.

"मलेही नाही," मी म्हटलं, आणि गाडी सुरू केली.