आठ पावलांवरचं पाणी

टेम्पो किहीमच्या त्या बंगल्याच्या मागच्या फाटकातून आत शिरला तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते. पुढे ड्रायव्हरशेजारी दिपेश, त्याच्या मांडीवर तीन वर्षांचा रियांश. मागे कपाट, शेगडी, भांड्यांची पोती, आणि गादीच्या वळकटीला टेकून बसलेल्या सुचिता आणि दुसरीतली प्राप्ती. पेणच्या खारेपाटातून निघाल्यापासून प्राप्ती एकच प्रश्न विचारत होती, नवीन घरातून समुद्र दिसतो का. सुचिताला ठाऊक नव्हतं. तिने घर पाहिलंच नव्हतं.

दिपेशने उरणच्या बंदरावर नऊ वर्षं ट्रेलर चालवला होता. मणका सरकला आणि डॉक्टरने मोठी गाडी कायमची बंद केली. तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने हे काम मिळालं. बंगल्याची राखण करायची, बागेला पाणी घालायचं, शनिवार-रविवार मुंबईहून पाहुणे आले की त्यांचं हवं-नको बघायचं. स्वयंपाक सुचिताने करायचा. राहायला मागच्या बाजूला दोन खोल्या.

खोल्या चांगल्या होत्या. फरशी, पंखे, नळाला पाणी. सुचिताने दार उघडून समोर पाहिलं आणि तिच्या हातातली दुधाची किटली तशीच राहिली. दारापासून आठ पावलांवर निळ्या फरश्यांचा तलाव होता. काठोकाठ भरलेला. ना कठडा, ना दोरी, ना साधी कुंडी मध्ये.

"हे तुम्ही सांगितलं न्हाय," ती म्हणाली.

दिपेश कपाटाचं एक टोक धरून उभा होता. "काय?"

तिने हनुवटीनेच पाण्याकडे दाखवलं.

"बंगला म्हटल्यावर पूल असणारच ना." तो कपाट खाली ठेवून पाठ चोळायला लागला. "आपल्याकडे काय पाणी कमी हाय? दारोदार तळं हाय."

ते खरं होतं. तिच्या सासरच्या गावात मिठागरं होती, खाडी होती, घरामागे तळं होतं. पण त्या आळीत वीस घरं होती. रियांश तळ्याच्या दिशेने चार पावलं गेला, की कुणीतरी म्हातारं ओट्यावरून खेकसायचं, कुणी चुलती धावत येऊन त्याला काखेत मारून घरी आणून टाकायची. आपल्या पोरावर किती जणांची नजर असते, हे तिला त्या आळीत असताना कधी जाणवलंच नव्हतं. इथे उजवीकडे सुपारीची वाडी, डावीकडे कुलूपबंद बंगला, मागे माडांची रांग. नजर फक्त तिची. आणि जन्म खाऱ्या पाण्याच्या कडेला जाऊनही तिला पोहता येत नव्हतं. तिच्या माहेरी पोरींना कुणी पोहायला शिकवलंच नव्हतं.

संध्याकाळी काळूराम आला. आसपासच्या पाच-सहा बंगल्यांचा कारभार तोच बघायचा. चाव्यांचा जुडगा देताना त्याने नियम सांगितले. पाहुणे असताना कपडे पुढे वाळत घालायचे नाहीत. पोरं पुढे दिसता कामा नयेत. पुलात आपल्यापैकी कुणी उतरायचं नाही.

"काळूरामदादा, एवढी जाळी लावून द्या ना," सुचिता म्हणाली. "पोरगा लहान हाय."

"वहिनी, बंगला बुक होतो तो या पुलाच्या फोटोवर. जाळी दिसली तर कोण येईल? पोराकडे लक्ष ठेवा, झालं."

लक्ष ठेवायचं म्हणजे काय, ते पुढच्या महिनाभरात सुचिताला कळलं. तिने दाराची कडी वरच्या अंगाला बसवून घेतली. दुसऱ्याच आठवड्यात रियांश पाटावर डबा ठेवून कडीपर्यंत पोचला. ती अंघोळ करायची ती मोरीचं दार उघडं ठेवून, डोक्यावर तांब्या ओतता ओतता त्याला हाका मारत. "काय करतोस रे?" तो उत्तर द्यायचा नाही, मग ती साबणाच्या अंगाने बाहेर यायची. तो आपला पलंगाखाली गाडी फिरवत असायचा. दुपारी डोळा लागू नये म्हणून ती उभ्यानेच भाजी निवडायची. भात शेगडीवर, कान दारात. गळ्याची हाडं दिसायला लागली तिची.

एका बाजारच्या दिवशी तिने अलिबागहून घुंगरांचे वाळे आणले आणि रियांशच्या पायात घातले. मग जरा बरं झालं. घुंगरं वाजत होती तोवर ती कामात हात घालू शकत होती. वाजायची थांबली की हातातलं तिथेच टाकून धावायची.

डिसेंबरातला तो शनिवार. मुंबईहून बारा जणांचा गट उतरला होता, त्यात तीन मुलं. सकाळी नाश्त्याच्या वेळी त्यांच्यातली एक बाई स्वयंपाकघरात आली आणि गोड आवाजात म्हणाली की मागे सारखं काहीतरी वाजतंय, आम्ही जरा शांततेसाठी आलो होतो. तासाभरात काळूरामचा फोन आला. सुचिताने रियांशच्या पायातले वाळे काढले. काढताना तो रडला, तेव्हा तिने त्याला दोन बिस्किटं दिली आणि प्राप्तीला बजावलं, "आतून कडी लाव. मी हाक मारेस्तोवर उघडायची न्हाय. लघवीला लागली तरी त्याला सोबत ने."

दुपारी एकच्या सुमारास ती सुरमईच्या तुकड्या तळत होती. दिपेश सिलिंडर आणायला गेला होता. तव्यात चौथी फेरी पडली होती. बाहेर पाहुण्यांची गाणी चालू होती, हसणं चालू होतं. त्या आवाजात मागचं काहीच ऐकू येत नव्हतं. तिने गॅस बंद केला आणि मागच्या दाराने बाहेर आली.

ती खोलीपाशी गेली. दार सताड उघडं होतं.

रियांश पुलाच्या आतल्या दुसऱ्या पायरीवर उभा होता. पाणी त्याच्या छातीशी. समोर हातभर अंतरावर पिवळी रबरी रिंग तरंगत होती आणि तो एक हात लांब करून तिला बोलावत होता. पाहुणे पलीकडच्या काठावर पाठमोरे उभे होते, सगळे एका फोटोसाठी गोळा झालेले. हाक मारली तर तो दचकेल, वळेल, पाय सरकेल. सुचिताने तोंडातून आवाज काढला नाही. ती चालत गेली. आठ पावलं. सहाव्या पावलाला तो पुढची पायरी उतरला, आणि तिथे पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं.

तिने उडी मारली की ती पडली, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. हातात पोराचा शर्ट आला. मग सगळं निळं झालं, कानात गडगडलं, नाकातोंडात पाणी गेलं. तिने एका हाताने त्याला वर ढकललं आणि दुसऱ्या हाताने नुसतंच पाणी ओरबाडत राहिली. पाय जमीन शोधत होते आणि जमीन लागून सुटत होती. रियांश तिच्या गळ्याला मिठी मारून बसला, तशी ती आणखी खाली गेली.

कुणीतरी तिच्या दंडाला धरून तिला उभं केलं. कॉलेजातला मुलगा असावा. त्याच्याही कमरेएवढंच पाणी होतं.

"आँटी, इथे उभं राहता येतं," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टिंगल नव्हती. तो खरोखर तिला सांगत होता.

ती उभी होती. पाणी तिच्या छातीपर्यंतच होतं. रियांश खोकला, ओकला, आणि मग मोठ्यांदा रडायला लागला. प्राप्ती खोलीच्या दारात उभी होती, पांढरीफटक. तिचा डोळा लागला होता, एवढंच.

पाहुण्यांनी टॉवेल दिले, साखरपाणी दिलं. नाश्त्याच्या वेळची ती बाई रियांशला मांडीवर घेऊन बसली आणि त्याची पाठ चोळत राहिली. काळूरामने मात्र फोनवर पहिला प्रश्न केला तो पुलात कपड्यांनिशी कोण उतरलं होतं हा.

दिपेश परत आला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. तो रियांशला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसला.

"पोरांना माझ्या आईकडे पाठवू," तो म्हणाला. "गावाला राहतील. आपण महिन्यातून जाऊ."

"दोन पोरं तिकडे आणि आपण इकडे लोकांची पोरं सांभाळायची?"

"मग काय करू ते सांग. काम सोडू? दुसरीकडे मला कोण उभं करतंय?"

ती ओले कपडे पिळायला लागली. तिला दुसरीच गोष्ट आतून कुरतडत होती. पोराला पाण्याने बुडवलं नव्हतं, आपणच बुडवत होतो. छातीएवढ्या पाण्यात. त्याला वर धरून ती नुसती उभी राहिली असती तरी पुरलं असतं, आणि तेवढंही तिच्या अंगाला सुचलं नव्हतं.

सोमवारी वाडीतून शकूमावशी आल्या. शेजारची सुपारीची वाडी त्यांची. पासष्टीच्या, काटक, केस आखूड कापलेले. वर्दी कुणी दिली कोण जाणे. त्यांनी मुळ्याची जुडी ओट्यावर ठेवली आणि विचारपूस वगैरे न करता म्हणाल्या, "तुला पोहता येत न्हाय?"

"न्हाय."

"माझी विहीर हाय. तीन वाजता ये. पोरांना घेऊन ये, मागे ठेवू नको."

"मावशी, माझं वय..."

"तुझं वय मी विचारलं न्हाय."

विहीर जुनी, दगडी, आत उतरायला पायऱ्या. पाणी काळपट हिरवं, वरून माडांची सावली. सुचिता पंजाबी ड्रेसवर उतरली. शकूमावशींनी तिच्या पाठीला तेलाचा रिकामा कॅन दोरीने बांधला. त्यांच्या वेळी वाळलेला भोपळा बांधायचे, म्हणाल्या. शेवटच्या पायरीवर बसून सुचिताने पाय पाण्यात सोडले आणि तिचे दात वाजायला लागले. पाणी गार नव्हतं.

चार दिवस तिने पायरी सोडली नाही. प्राप्तीने दुसऱ्या दिवशीच सोडली आणि आठवड्यात कॅनशिवाय आडवी विहीर पार करायला लागली. रियांश वर काठापासून लांब, सुपारीच्या झाडाला टेकून बसायचा, आणि शकूमावशींची सून केसर त्याला सोललेलं नारळाचं खोबरं भरवायची. सुचिताची नजर पाण्यात असताना वर, रियांशवर; वर असताना खाली, प्राप्तीवर.

"इकडे बघ," शकूमावशी ओरडायच्या. "केसरचे डोळे फुटलेत काय? तिच्यावर सोड ते. तू तुझं डोकं पाण्यात घाल."

डोकं पाण्यात घालणं सगळ्यात कठीण गेलं. डोळे मिटले की ते निळं यायचं, कानातला गडगडाट यायचा, आणि ती पायरीला ओरबाडत बाहेर यायची. दहाव्या दिवशी ती पायरीवर बसून रडली. शकूमावशींनी समजूत घातली नाही. पाण्यात उभ्या उभ्या हात मारत त्या म्हणाल्या, "माझा थोरला या विहिरीत गेला. पाच वर्षांचा होता. मी त्या कडेला धुणं धूत होते. मला पोहता येत नव्हतं. तो गेल्यावर महिन्याने मी शिकले. तू आधी शिक."

सुचिताने त्यांच्याकडे पाहिलं. मग नाक धरलं आणि डोकं आत घातलं.

तिसऱ्या आठवड्यात कॅन सुटला. तिचं पोहणं देखणं नव्हतं, शकूमावशी त्याला बेडकीचं पोहणं म्हणायच्या, पण ती तरंगत होती, वळत होती, आणि प्राप्तीला एका हाताने ओढत पायरीपर्यंत आणत होती. हे ओढून आणणं शकूमावशी रोज पुन्हा पुन्हा करून घ्यायच्या. प्राप्तीला सांगायच्या, आईच्या गळ्याला मिठी मार, पाय आवळ. मिठी कशी सोडवायची, पोराचं तोंड वर कसं ठेवायचं, ते दाखवायच्या.

जानेवारीत दिपेशने काळूरामला स्वतःहून फोन लावला. सुचिता चपात्या लाटत ऐकत होती. "पाहुणे नसतील तेव्हा पुलावर जाळी टाकणार. पाहुणे यायच्या आधी मी काढीन, ते गेले की परत टाकीन. बंगल्याच्या शेठना सांगा, नाहीतर या आणि चाव्या घेऊन जा." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं. दिपेशने तेच पुन्हा सांगितलं. दोन दिवसांनी शेठचा निरोप आला, टाका. मासेमारीची जुनी नायलॉनची जाळी, चारी बाजूंनी आकडे मारून, नवरा-बायकोने मिळून ताणली. पाहुणे असले की रियांश दिवसभर केसरकडे राहायचा.

भीती संपली असं नाही. जाळी असतानाही सुचिता दुपारी तीनदा आकडे बघून यायची. पण ती दुपारी आडवी व्हायला लागली, आणि मोरीचं दार लावून अंघोळ करायला लागली.

मार्चमध्ये विहिरीचं पाणी दोन पायऱ्या उतरलं. शकूमावशी म्हणाल्या, "आता धाकट्याला आण."

"अजून लहान हाय."

"त्या दिवशी लहान नव्हता?"

सुचिता पाण्यात उतरली, रियांशला छातीशी घेऊन. त्याच्या पाठीला छोटा कॅन. त्याने तिच्या गळ्याला घट्ट मिठी मारली होती आणि तिनेही त्याला तेवढीच घट्ट मारली होती. शकूमावशी हातभर अंतरावर पाणी तुडवत थांबल्या होत्या. वर काठावर प्राप्ती गुडघ्यांवर बसून बघत होती. कुणी घाई केली नाही. पाणी विहिरीच्या दगडांवर हलकं आपटत होतं.

तिने आधी त्याचा एक हात सोडवला, मग दुसरा. मग आपले हात काढले.

तो खाली गेला. कॅनने त्याला लगेच वर आणलं, पण तेवढ्या क्षणात सुचिताचे दोन्ही हात पुढे झाले होते, आणि शकूमावशींनी ते पाण्याखालीच धरून ठेवले. रियांश खोकला. त्याने डोळे उघडले, आजूबाजूला पाणी पाहिलं, आई पाहिली, आणि पाय झाडायला लागला, कुत्र्याच्या पिल्लासारखे, जोरजोरात, कुठल्याच दिशेला नाही. शकूमावशींनी तिचे हात सोडले. ती हळूहळू मागे सरकली, एक हात, दोन हात, आणि तो तोंडावरचं पाणी फुर्र फुर्र उडवत तिच्या दिशेने येत राहिला.