खोड सांगणारे महादूभाऊ

महादूभाऊंनी पहिल्याच भेटीत माझा हात धरला, त्यावर आपला पंचा टाकला आणि आतून माझी तीन बोटं दाबली. बेल्ह्याच्या बैलबाजारात असा सौदा करतात हे मी ऐकून होतो. पण समोर बैल नव्हता. गोणपाटावर जुनी कॉमिक्स मांडली होती. मी बावळटासारखा बघत राहिलो तेव्हा ते कानाशी पुटपुटले, "मास्तर, तीन द्या, एक न्या. वरडून सांगायला लावू नका, भाव फुटतो."

जन्मभर त्यांनी बैलांची दलाली केली. ट्रॅक्टर आले, दावणी रिकाम्या झाल्या, तसे ते कॉमिक्सच्या अदलाबदलीत शिरले. बाजाराचे नियम मात्र तेच ठेवले. बैलाचे दात बघावेत तशा ते अंकाच्या पिना बघत. "दोन्ही जाग्यावर हायेत. अजून जवान हाय." प्रत्येक अंकाची खोड आधी सांगत. "मधल्या पानावर च्या सांडलाय." "यात राजकन्येला मिश्या काढल्यात." न सांगितलेली खोड निघाली, तर पुढच्या बाजारी अंक परत. वर वैरण म्हणून विज्ञानाच्या बातमीचं एक कात्रण फुकट. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे वाचून ते दोन बाजार अस्वस्थ होते. "तीन काळजं! आन् आमच्या व्याह्याला एक न्हाई."

एक अंक मात्र त्यांनी कधीच कुणाला दिला नाही. गगनमल्ल नावाच्या उडत्या पैलवानाचा तो शेवटचा अंक होता. त्यात गगनमल्ल धगधगत्या ज्वालामुखीत पडतो आणि तिथंच पान फाटलेलं. पुढं काय झालं, हा महादूभाऊंच्या आयुष्यातला एकमेव न सुटलेला सौदा होता. बाजारात येणारा जो तो शेवट सुचवी. कांदेवाले म्हणत, ठिबकचा पाइप धरून वर आला. मेंढपाळ म्हणत, घोंगडी पांघरली असंल. भाऊ सगळं ऐकून घेत आणि मग आपलं ठेवणीतलं काढत. त्यांच्या बोरी बुद्रुकला नदीकाठी जी राख सापडते, ती हजारो वर्षांपूर्वी सुमात्राच्या ज्वालामुखीतून उडून आली, असं शास्त्रज्ञ सांगतात. भाऊंनी ते कात्रण जपून ठेवलं होतं. "राख येती एवढ्या लांबनं, मग पैलवान का न्हाई येणार? आमच्याच गावात उतारलाय गडी. सापडंल."

गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो तर त्यांच्या पत्नी, कोंडाबाई, वैतागून म्हणाल्या, "औषधाचं नाव काढत न्हाईत. पैलवान वाचला का, येवढंच."

"डोळं मिटायच्या आत कळाया पायजे, मास्तर," भाऊ म्हणाले.

मी हट्टाला पेटलो. जुन्या कॉमिक्सच्या वेड्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. तिथं माझे अकरा अंक देऊन तो अख्खा अंक मिळवला आणि बोरीला धावलो. भाऊंनी उशाला टेकून आधी पिना पाहिल्या. मग चष्मा लावून शेवटचं पान वाचलं. गगनमल्ल दचकून जागा होतो. आई दूध घेऊन उभी. सगळं स्वप्न होतं.

भाऊंनी चष्मा काढून उशाशी ठेवला. मग त्यांनी अंक माझ्या मांडीवर ठेवला.

"परत न्या. जनावराला खोड हाय."

"कसली खोड? सगळी पानं आहेत!"

"तीच की, राव." त्यांनी पंचा ओढून माझ्या हातावर टाकला. आतून बोट दाबलं नाही, नुसता हात धरून ठेवला. "बाजारात कुनाला सांगू नका. बिचारे लई आशेवर हायेत."

पंधरा दिवसांनी भाऊ गेले. कोंडाबाईंनी गोणपाट आणि तो फाटका अंक माझ्या हवाली केला. मला त्यांची फार आठवण येते. म्हणून सुट्टी असली की बाजारात त्यांच्या जागी जाऊन बसतो. कुणी गगनमल्लाचा फाटका अंक उचलला की मी आधी खोड सांगतो, "शेवटचं पान नाही." परवा एका मेंढपाळानं विचारलं, "मास्तर, मंग पुढं काय झालं वं?"

ते पान असलेला अख्खा अंक माझ्या कपाटात बंद आहे.

"बोरीत उतरला म्हणतात," मी म्हणालो. "अजून शोध चालू आहे."