पिसं पुरायचं काम

आमच्या पालात तितर शिजला की पिसं पुरायचं काम माझं असायचं. पाल म्हणजे चार काठ्या आणि त्यावर जुनं फडकं. आम्ही फासेपारधी. बाप फासे लावून तितर, लावे, एखादा ससा धरायचा. दुसरं काम आम्हाला कुणी देत नव्हतं. कायद्याने तो गुन्हा होता, हे मी नाकारत नाही. पण गावात कुणाची कोंबडी गेली तरी पोलीस आधी आमच्याकडे यायचे, आणि पिसं दिसली की त्यांना आणखी काही लागायचं नाही. म्हणून मी हातभर खड्डा खणायचे, वर माती, मातीवर शेण, शेणावर काटक्या.

सात वर्षांची असताना एकदा मी कंटाळा केला. नुसती वाळू लोटली. सकाळी वारा सुटला आणि पिसं माळभर पसरली. बापाला नेलं. तीन दिवसांनी तो परत आला तेव्हा त्याला नीट बसता येत नव्हतं. त्याच आठवड्यात त्याने मला आश्रमशाळेत नेऊन घातलं.

पुढचं मी अभिमानाने बऱ्याच जणांना सांगितलंय, म्हणून थोडक्यात. दहावी, बारावी, शेतीची पदवी, शिष्यवृत्ती, आणि अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी मातीच्या विषयात मास्टर्स. आमच्या सगळ्या नात्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. आता इथल्याच एका लॅबमध्ये नोकरी करते. खड्डे अजूनही खणते, पण आता त्याचा पगार मिळतो.

लॅबची मॅनेजर साठीची बाई आहे, इथल्याच डोंगराळ भागात वाढलेली. ती धनुष्यबाणाने हरणं मारते, तिचा नवरा बंदुकीने, आणि तीस वर्षांच्या संसारात दोघांचं यावर एकमत झालेलं नाही. मागच्या उन्हाळ्यात डबा खाताना तिने सहज विचारलं, "या वर्षी तू पण येतेस का शिकारीला?"

मी हो म्हणाले. का म्हणाले, ते मला आजही सांगता येत नाही. आम्ही कोण, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. इंग्रजीत ते कसं सांगायचं तेच कळत नव्हतं. 'आमच्याकडे शिकार करायचे' म्हटलं की एखाद्या संस्थानिकाची नात बोलतेय असं वाटतं.

"मग आत्ताच ठरव," ती म्हणाली. "बाण की बंदूक? बाणाचा सीझन ऑक्टोबरात, रोज सराव करावा लागेल. बंदुकीचा नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगचा सण झाल्यावर."

शिकारीचा कोर्स केला, परीक्षा दिली. परीक्षा म्हटली की मला काही अवघड वाटत नाही. अवघड ते पुढे होतं. दर शनिवारी मी त्यांच्या परसात जाऊ लागले. तिथे फोमचं हरीण उभं केलेलं, आणि त्याच्याभोवती या दोघांचं भांडण.

"बाण घेतलास तर महिनाभर झाडावर बसशील आणि सर्दी घेऊन खाली उतरशील," नवरा म्हणायचा.

"आणि याचं हरीण शंभर पावलांवर असतं," ती म्हणायची. "याचं तोंडसुद्धा दिसत नाही त्याला. तेवढंच त्या बिचाऱ्याचं नशीब."

धनुष्य ओढलं की पाठीत कळ यायची, पण बाण सुटल्यावर नुसतं 'थप' व्हायचं. मला ते आवडलं. बाणासाठी हरणापासून वीस पावलांवर बसावं लागतं, वारा कुठून येतो ते बघावं लागतं, खूर ओळखावे लागतात. बाप नेमकं हेच करायचा. आमच्यात बायकांनी फाशाला हात लावायचा नसतो, म्हणून ते मला कुणी शिकवलं नव्हतं. लांबून बघितलं होतं तेवढंच. बंदुकीचं उलटं झालं. नेमबाजीच्या मैदानावर पहिला बार काढला आणि मी मटकन खाली बसले. पाय पळायच्या बेतात होते. नवरा हसला नाही, ते बरं केलं.

म्हणजे बाणच, असं मनात ठरत आलं होतं. तेवढ्यात गणपतीत इथल्या एका काकूंकडे जेवायला गेले आणि बोलता बोलता विषय निघाला.

"शिकार? अय्या! अगं, आपल्यात कुठे असतं हे?"

"कोणात, काकू?"

"आपल्यात गं! मराठी माणसांत." मग ताटात आणखी एक मोदक वाढत त्यांनी विचारलं, "पण तुम्ही नक्की कुठले?"

काकू मनाने चांगल्या आहेत. मी गावाचं नाव सांगितलं आणि मोदक खाल्ला. घरी येताना बसमध्ये विचार करत राहिले, मी कुणाच्या 'आपल्यात' आहे? बाण घेतला तर मी पारधी होते की अमेरिकन? ज्या कामापासून सोडवायला बापाने मला शाळेत घातलं, तेच काम इतकं शिकून करायचं, याला काय म्हणायचं? दुसऱ्या दिवशी बापाला फोन केला. घरात आमची बोली वेगळी आहे; त्याचं बोलणं मराठी करून लिहिते.

"शिकारीला?" त्याला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून तो ओरडूनच बोलतो. "तिथं पोलीस न्हाईत व्हय?"

"आहेत. पण सरकारच परवाना देतं, बा."

"कागद देतं?"

"हो."

"नाव कुणाचं त्याच्यावर?"

"माझं."

"आडनावासकट?"

"आडनावासकट."

मग मी त्याला बाणाचं सांगितलं. त्याला बरं वाटेल म्हणून जरा रंगवूनच सांगितलं. वारा, खूर, जवळ बसणं, अगदी तुझ्यासारखं, असं म्हणाले.

"माझ्यासारखं करायला तुला साळंत घातलं का?"

मी मान देत होते, त्याला शिवी लागली.

"जलमभर गपचिप केलं आम्ही," तो म्हणाला. "खोकला आला तरी तोंडात धोतराचा बोळा. कागद हाय न्हवं तुझ्याजवळ? मग बंदूक घे. होऊ दे की आवाज."

पुढे कित्येक दिवस माझं काही ठरेना. शनिवारी बाणाचा सराव करायचे आणि रविवारी बंदुकीचा. मॅनेजर म्हणाली, "तू लग्नसुद्धा अशीच ठरवणार का गं?" ऑक्टोबर आला, पानं गळायला लागली आणि बाणाचा सीझन मी नुसता जाऊ दिला. ठरवून नाही. दर शनिवारी म्हणायचे, पुढच्या शनिवारी. शेवटी बंदूकच उरली.

बंदुकीच्या सीझनला भगवं जाकीट घालावं लागतं, डोळ्यात खुपेल असं. शिकारी लांबून दिसलाच पाहिजे, असा कायदा. बापाने आयुष्यात मातीच्या रंगाशिवाय कपडा घालून माळावर पाऊल टाकलं नाही. मी फोटो पाठवला, तर म्हणतो कसा, "वरातीतल्या बँडवाल्यावानी दिसतीस."

पहिल्या दिवशी मॅनेजर नाक मुरडत का होईना, माझ्याशेजारी येऊन बसली. बंदूक तिच्या नवऱ्याची होती. तो पलीकडच्या उतारावर, जिंकल्याच्या खुशीत. नऊच्या सुमारास एक शिंगवाला नर ओकच्या झाडांतून बाहेर आला आणि आडवा उभा राहिला. मी बार काढला. आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. मी ऐकत राहिले. कुणी धावत आलं नाही.

हरीण थोड्याच अंतरावर पडलं होतं. आम्ही तिथे पोचलो, तिने बंदूक माझ्याकडून घेऊन रिकामी केली, आणि मी काय करतेय हे तिच्या आवाजाने मला कळलं.

"काय गं, काही हरवलं का?"

मी बुटाने रक्तावर पानं लोटत होते. बरीच लोटली होती. वर एक फांदीसुद्धा ठेवली होती.

"काही नाही," मी म्हणाले.

तिने फांदीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. खिशातून पेन काढून दिलं. "आधी परवान्याबरोबरचं कार्ड भर. नाव, तारीख, जागा. ते कानाला बांधल्याशिवाय हरीण हलवायचं नाही."

मला आनंद झाला का, माहीत नाही. हरणाच्या डोळ्यावर एक पान चिकटलं होतं, ते मी काढलं. बाण घ्यायला हवा होता का, तेही अजून कळत नाही. पेन थंडीने नीट चालत नव्हतं, म्हणून अक्षरं दोनदा गिरवली.

आडनावासकट पूर्ण नाव लिहिलं आणि कार्ड दोरीने कानाला बांधलं. आपल्या शिकारीवर स्वतःचं नाव लिहिणारी आमच्या घरातली मी पहिली.