उलटा पडलेला नऊ

राणीच्या टाकसाळीत चूक होत नसे. तसा नियमच होता, आणि अँब्रोज पेल एकवीस वर्षं तो पाळत आला होता. नाण्यांचे साचे तयार करणं हे त्याचं काम. अलीकडे त्याला थेम्सपलीकडच्या चर्चवरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा स्वच्छ दिसे, पण हातातलं लोखंड धुकट. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. डोळे गेलेल्या कारागिराला टाकसाळ राहायला खोली देत नाही.

त्यांचं साल पंचवीस मार्चला बदलायचं; यंदा १५६८ चं १५६९ झालं होतं. बरे साचे टाकून कोण देतो? ते भट्टीत नरम करायचे, जुन्या आठावर नऊचा ठसा हाणायचा आणि लोखंडाला पाणी देऊन ते पुन्हा कडक करायचं. नऊचा ठसा वेगळा नव्हता. इंग्रजी सहा उलटा धरला की झाला नऊ. दिसेनासं झालं तेव्हा पेलने ठशाच्या दांड्याला एक खाच पाडली. खाच अंगठ्याखाली आली की नऊ, बोटाखाली आली की सहा.

मे महिन्यात कारभारी मास्टर लव्हेटने त्याला कचेरीत बोलावलं. टेबलावर तीन पेनीचं एक नाणं होतं, आणि टेबलापुढे शिपायाने दंडाला धरलेली सिसली टर्विन. ती बंदरावर कालवं विकायची.

"साल १५६६," लव्हेट म्हणाला, "आणि शेजारी छोट्या मुकुटाची खूण. ही खूण आपण सदुसष्टात सुरू केली. खोटी नाणी पाडणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. हिने ज्याला हे दिलं त्या पावभट्टीवाल्याला नेमकं ठाऊक निघालं."

"मी नाणी पाडते होय?" सिसली उसळली. "अहो मास्टर, मला कालवं धड फोडता येईनात आताशा!"

"मग दिलं कुणी?"

"गिऱ्हाइकानं! खायला आला होता तो. बारशाचं नाव विचारू त्याला?"

खोट्या नाण्याबद्दल पुरुषाला फाशी होई. बाईला जाळत.

"पेल, हे आपलं नाही एवढं लिहून दे," लव्हेट म्हणाला. "जेवायची वेळ झालीय."

पेलने नाणं लांब धरलं, जवळ धरलं, मग नखाने चाचपलं. सहाच्या शेपटीला बारीकसा तुटका भाग होता. तो त्याच्या ठशाचा टवका. सहाच्या खालून जुन्या आठाचा वळसा नखाला लागत होता. मार्चमधली ती गारठलेली सकाळ त्याला आठवली. अंगठा कुठला आणि बोट कुठलं, हेच तेव्हा कळत नव्हतं.

"माझं आहे," तो म्हणाला. "हा नऊ आहे. उलटा पडलाय."

"नीट बघ."

"नीट बघता येत नाही मास्टर, म्हणून तर हे झालं."

लव्हेटने दार लावून घेतलं. "खोली सोडावी लागेल, कळतंय ना? आणि नखाला लागलं हा काही पुरावा नव्हे. साचा दाखव."

वापरून झालेल्या साच्यांची पेटी आणली गेली. पेल गुडघ्यावर बसून एकेका साच्यावरून बोट फिरवू लागला. सिसली त्याच्या हाताकडे बघत होती. चौतिसाव्या साच्यावर बोट थांबलं. त्याने तो मेणावर दाबला. मेणावर सहा उमटला, शेपटीच्या टवक्यासकट.

लव्हेटने तो साचा तिथल्या तिथे हातोड्याने चेचायला लावला आणि नाण्याचे कात्रीने दोन तुकडे केले.

"अहो, पण खरं होतं ना ते?" सिसलीने विचारलं.

"खरं होतं. पण चुकीचं."

सुटून फाटकाबाहेर आल्यावर ती बोचकं घेऊन निघालेल्या पेलकडे वळली. "चौदा दिवस कोंडलं मला. टोपली गेली, जागा गेली. डोळ्यानं दिसत नव्हतं तर तोंड होतं ना रे, म्हाताऱ्या?"

पेलने बोचकं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"अशी आणखी किती आहेत बाहेर?"

"हजारभर निघतात एका साच्यातून."

"मग त्यांना सांगायला लाव ना दवंडी पिटून!"

"टाकसाळीत चूक होत नसते," पेल म्हणाला.

तेव्हापासून तो बंदराच्या बाजारात फिरू लागला. कोणाकडे तीन पेनीचं नाणं दिसलं की चाचपायचा, आणि टवक्याचा सहा लागला की आपल्याजवळचं चांगलं नाणं देऊन ते घ्यायचा. लोक त्याला खुळा समजत. पुन्हा कालवं विकू लागलेली सिसली लांबूनच ओरडे, "नाणी सांभाळा गं, चाचपणारा आला!" आणि आपल्या गल्ल्यातली सगळी त्याच्यापुढे ओते.

तीन वर्षांत अकरा सापडली.