चौकापलीकडचं दुकान

दादा मंगळवारी सकाळी वारला.

तो माझा थोरला भाऊ. निवृत्तीनंतर स्नेहलतागंजच्या चौकात दादा, मी आणि तीन मित्र असे आम्ही पाच जण रोज सकाळी एकाच बाकावर पोहे-जलेबी खायचो. मग दादाच्या जबड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. खाताना ओठाच्या कडेने घास सांडायचा. तो रुमाल लावायचा आणि हसायचा. हळूहळू बाकावर त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली.

एकदा तो तपासणीला गेला होता. आमच्यातला एक म्हणाला, "भिया, चौकापलीकडची जलेबी ज्यादा कुरकुरीत असते. अन् आत पंखा पण आहे."

"मग चला की. या बाकावर काय आपलं नाव कोरलंय?" दुसरा म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही चौघे पलीकडे जाऊ लागलो. दादाला सांगायचं नाही, हे ठरवावंसुद्धा लागलं नाही.

आठवड्याने त्याने विचारलं, "हल्ली येत नाहीस?"

"शुगर वाढलीय. बाकीच्यांनीपण सोडलंय खाणं."

"बरं केलंस," दादा म्हणाला.

माझी सगळी नोकरी ग्रंथालयात झाली. आजाऱ्यापासून दूर सरकणं आणि कळपाबरोबर चालणं या दोन्ही खोडी फार जुन्या पूर्वजांकडून आपल्यात आल्या, त्यांनी कधीकाळी जीव वाचवले, असं मी त्या दिवसांत वाचत होतो. वाचून हलकं वाटायचं. दादाचं दुखणं कुणाला लागणारं नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी पुस्तकं उघडत होतो ती सुटका शोधायला. मला सगळ्यात जास्त लाज त्या वाचनाची वाटते.

तेराव्याला जुना पोहेवाला घरी आला. म्हणाला, "भाईसाब रोज आते थे. आप लोग सामने जाते दिखते थे ना, तो उधर पीठ करके बैठते. एक बार मैंने पूछ लिया. बोले, छोटे को शुगर है, उससे कुछ मत कहना."

मी त्याला पाणी दिलं.

महिन्याभराने कुणीतरी म्हणालं, पलीकडच्या पोह्यांना चव नाही राहिली. आता आम्ही चौघे पुन्हा जुन्या बाकावर बसतो. पोहेवाला तिघांना जलेबी देतो. मला देत नाही, आणि मी मागत नाही.