लाँड्री रूममधल्या वसुधाताई

डॉ. वसुधा खानझोडे यांना मी पहिल्यांदा भेटले ती २००२ सालच्या हिवाळ्यात, अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बरला, त्यांच्याकडे काम मागायला गेले तेव्हा. मी नाशिकहून नुकतीच आले होते आणि बर्फावर न घसरता बस स्टॉप कसा गाठायचा, एवढंच तोवर शिकले होते. शहरनियोजन शिकवणाऱ्या ताईंचा अभ्यास टोरांटोच्या गरीब, बदनाम वस्त्यांवर चालू होता. त्यासाठी त्यांना मदतनीस हवी होती. नकाशे, सॉफ्टवेअर, आकडेमोड, येत होतं नव्हतं ते सगळं मी सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये कोण राहतं?"

मला माहीत नव्हतं.

"मग आधी ते माहीत करून ये. टोरांटोचं नंतर बघू," त्या म्हणाल्या.

मी संध्याकाळी शेजारचं दार वाजवलं. एका कोरियन जोडप्यानं मला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी मला काम मिळालं.

आमची टोळी लहान होती: ताई, मी आणि पुण्याचा निरंजन. सुट्टी लागली की ताईंच्या जुन्या गाडीतून डेट्रॉइटचा पूल ओलांडून आम्ही कॅनडात शिरत असू. ती वस्ती म्हणजे शहराच्या कडेला उभे असलेले काँक्रीटचे उंच टॉवर. जमैका, सोमालिया, श्रीलंका, पाकिस्तान असे कुठून कुठून आलेले लोक तिथे राहत. गोळीबार झाला तरच वर्तमानपत्रांना वस्तीची आठवण येई आणि टॅक्सीवाले पत्ता ऐकून तोंड वाकडं करत. ताईंनी त्यातल्याच एका टॉवरमध्ये फ्लॅट भाड्यानं घेतला होता.

त्यांचा एक नियम होता. सुरुवातीचे काही महिने कुणाला प्रश्नावली दाखवायची नाही. आपले मळके कपडे घ्यायचे, तळघरातल्या लाँड्री रूममध्ये जायचं आणि मशीन थांबेपर्यंत तिथेच बसायचं. "मशीन सुरू झालं की माणूस कुठे जातो? बोलतोच!" असं त्या म्हणत. त्यापायी आम्ही आठवडाभराचे कपडे न धुता सांभाळून ठेवत असू. एकदा सीमेवर अधिकाऱ्यानं डिकी उघडली, आत नुसत्या वास मारणाऱ्या पिशव्या. कशाला चाललात, असं त्यानं विचारलं आणि सत्यवचनी निरंजन म्हणाला, "कपडे धुवायला." पुढचा बराच वेळ आम्ही बाकावर बसून काढला. ताई मात्र पदराआड हसत होत्या.

त्या लाँड्रीशेजारी एक रिकामी खोली होती. तिथे ग्रेसबाई रोज संध्याकाळी टॉवरमधल्या मुलांचा अभ्यास घेत. ग्रेसबाई मूळच्या जमैकाच्या, दिवसभर एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करत. मुलांना शाळेनंतर जायला दुसरी जागा नव्हती. इमारत सांभाळणाऱ्या कंपनीला मात्र ती खोली कुलूप लावून हवी होती. तिला फक्त एक निमित्त पाहिजे होतं आणि ते आमच्याकडून मिळालं.

आमच्या पहिल्या अहवालात निरंजननं एक वाक्य लिहिलं होतं: लाँड्रीच्या दाराशी संध्याकाळी तरुणांची टोळकी उभी असतात, त्यामुळे रहिवाशांना असुरक्षित वाटत असावं. आपल्याकडे नाक्यावर उभा राहणारा मुलगा म्हणजे वाया गेलेला, हे बाळकडूच असतं. त्यातून इथली मुलं डोक्यावर टोपडं ओढलेल्या जॅकेटात. त्या मुलांना कुणी काही विचारलं नाही. कंपनीनं नेमकं ते वाक्य उचललं आणि सुरक्षिततेसाठी खोली बंद होत असल्याची नोटीस लावली. खरी गोष्ट अशी होती की त्या मुलांना त्यांच्या आयांनीच तिथे उभं केलं होतं, लहान पोरं आणि बायका खाली येता-जाता कुणी त्रास देऊ नये म्हणून. त्यांत ग्रेसबाईंचा मुलगाही होता.

रहिवाशांची सभा भरली. अभ्यासाला पैसे देणाऱ्या संस्थेची माणसंही आली होती. ग्रेसबाई अहवाल हातात घेऊन उठल्या. "कुणी लिहिलं हे? माझ्या पोराला गुंड कुणी ठरवलं?"

निरंजन पांढराफटक पडला होता, तरी उठू लागला. ताईंनी त्याचा खांदा दाबला. "बस खाली. काय करून राहिला तू?" असं अस्सल नागपुरीत पुटपुटून त्या स्वतः उभ्या राहिल्या. "अहवालावर नाव माझं आहे, म्हणजे मीच लिहिलं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "ते चूक आहे. मुलांना न विचारता लिहिलं गेलं. मी तुमची आणि तुमच्या मुलाची माफी मागते आणि हा अहवाल आत्ता, इथेच मागे घेते."

त्यांचा आवाज थरथरत होता. भल्याभल्यांना वर्गात गप्प करणाऱ्या ताईंचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. आजही हे लिहिताना भरून येतात.

त्याची किंमत त्यांनी मोजली. पुढचं अनुदान मिळालं नाही, बढती रखडली. विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी समजूत घातली, एका वाक्यासाठी एवढं करायचं नसतं. ताईंनी त्यांना कॉफी पाजली आणि विषय बदलला.

निरंजन तर पुण्याला परत जायला निघाला होता. "मला हे जमणार नाही यार," असं तो मला रोज ऐकवी. ताईंनी त्याला रविवारी घरी बोलावून पोटभर वडाभात वाढला आणि म्हणाल्या, "जायचं तर खुशाल जा. पण आधी त्या पोरांना तोंड दाखवून ये." तो गेला आणि सबंध उन्हाळा त्या खोलीत गणित शिकवत राहिला. ग्रेसबाईंच्या मुलानंच त्याला बास्केटबॉल शिकवलं, अर्थात जेवढं पुणेकराला शिकवता येतं तेवढं. यंदापासून निरंजन स्वतः कॉलेजात शिकवू लागला आहे.

तेव्हापासून ताईंच्या हाताखालचा कुठलाही मजकूर आधी लाँड्री रूममध्ये वाचला जातो, मगच बाहेर पडतो. ताईंच्या साठीनिमित्तचा हा लेख तरी त्यातून कसा सुटेल? मी ग्रेसबाईंना फोन लावला आणि एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेले. "ताईंनी ग्रेसबाईंची खोली वाचवली," या वाक्याशी त्यांनी मला थांबवलं.

"खोली आम्ही वाचवली," त्या म्हणाल्या. "कंपनीनं नोटीस मागे घेईपर्यंत सगळ्या आया पोरांना घेऊन तिथे ठाण मांडून बसलो होतो. वसुधानं आमची माफी मागितली. आमचा अभ्यास करायला खूप लोक आले, गेले. माफी मागणारी ही एकटी. ते लिही."

म्हणून ते वाक्य मी खोडलं आहे आणि त्यांचं ठेवलं आहे.

वसुधाताईंनी ठणठणीत प्रकृतीनं शंभरी गाठावी. आणि तोवर त्यांच्या गुडघ्यांनी त्यांना तळघराचा जिना उतरू द्यावा. खाली माणसं वाट बघताहेत.