एक बोट रुंद

माझ्या बायकोला सध्या एकच शब्द येतो, आणि तो हिंदी आहे. ‘चलो.’ राजधानीतल्या पहाडगंजच्या मराठी शाळेत तिने जन्मभर मराठी शिकवलं. मी ऑफिसातून ‘चलो यार, हो गया आज का’ असं पुटपुटत घरात शिरलो की ती दारातच अडवायची. ‘चपलांबरोबर हिंदीही बाहेर काढून ठेवा,’ म्हणायची. मागच्या दसऱ्याच्या आधी तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि शब्दांच्या एवढ्या मोठ्या संसारातून नेमका हा एकच मागे राहिला. पाणी हवं, चलो. टीव्ही बंद करा, चलो. माझ्यावर चिडली, तरी चलो. फरक फक्त सुराचा. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. होत असेल, पण देवाला थट्टा करायला आमचंच घर सापडावं याचा मला राग आला तो आलाच.

पाय हळूहळू सुधारला. काठी घेऊन ती खोलीतल्या खोलीत फिरू लागली. हात मात्र हट्टाला पेटला. कोपरात दुमडलेला, बोटं आत वळलेली, घट्ट मूठ. फिजिओथेरपीला येणारी मुलगी रोज ते एकेक बोट उलगडायची. “आंटी, बस थोडा और, बिल्कुल थोडा,” असं म्हणत तळवा सरळ करायची. तिने हात सोडला की बोटं पुन्हा मिटायची. मी बाजूच्या खुर्चीत बसून बघायचो आणि उगाच वर्तमानपत्राच्या घड्या घालत राहायचो.

डिसेंबरातल्या एका दुपारी ती उठली, काठी टेकत कपाटापाशी गेली आणि तिने खालच्या खणावर काठी आपटली. “चलो.”

मी खण उघडला. आत लग्नपत्रिका. मयूर विहारला आमच्या सोसायटीत कुणाचंही लग्न निघालं की पत्रिका येते ती मिठाईच्या डब्यासकट, जाड पुठ्ठ्याची, सोनेरी वेलबुट्टीची. लग्नं पार पडतात, मिठाई संपते, पत्रिका हिच्या खणात जातात. त्या पत्रिकांच्या ती वाचनखुणा करायची. गणपतीला कधी कात्री लावायची नाही. तो अलगद वेगळा काढून ठेवायचा. उरलेल्या कागदाच्या पट्ट्या कापायच्या, मागे साधा हातकागद चिकटवायचा, वरच्या टोकाला भोक पाडून रेशमाचा गोंडा. दर फेब्रुवारीत बारावीच्या मुलांचा निरोप समारंभ असतो, तेव्हा प्रत्येकाला एकेक. निवृत्त झाल्यावरही हा नेम चुकला नव्हता. सहावीत आलेल्या मुलांना ती पहिल्याच दिवशी सांगायची, ‘शाळा सोडाल तेव्हा एक खूण माझ्या हातून घेऊन जाल.’ यंदाच्या बारावीतली मुलं म्हणजे तिने असं कबूल केलेली शेवटची तुकडी.

“अगं, करू की,” मी म्हणालो. “तू सांग, मी करतो. आणि तुझ्या वतीने मीच देईन सगळ्यांना.”

तिने मान हलवली. नाही. डाव्या हाताने आपली उजवी मूठ उचलली आणि छातीवर ठेवली. मला कळलं. वर्गात तिचा एक नियम होता. वही असो, खडू असो, खाऊ असो, द्यायचं ते उजव्या हाताने. ‘डाव्या हाताने दिलं म्हणजे टाकलं,’ असं ती म्हणायची. मुलांना खुणा द्यायच्या त्या तिला स्वतःला द्यायच्या होत्या, आणि उजव्याच हाताने. ज्या हाताला चमचा धरता येत नव्हता त्या हाताने. नाही म्हणण्याऐवजी मी कात्री शोधायला उठलो.

बाल्कनीच्या दाराशी ऊन यायचं तिथे आम्ही जेवणाचं टेबल ओढलं. डावा हात तिचा, उजवा माझा, असा कारभार सुरू झाला. ती पत्रिका धरायची, मी कापायचो. तीस वर्षं सरकारी टिपणं लिहिली, पण सरळ रेघेत कात्री चालवणं हा प्रकार वेगळा. माझी पट्टी निघायची ती यमुनेसारखी, मध्येच वळण घेत. ती कपाळाला हात लावायची. डावा.

पहिल्या पट्ट्या मी नेहमीच्या मापाने कापल्या. दोन बोटं रुंद. तिचं माप मला बघून बघून पाठ होतं. तिने त्या सगळ्या बाजूला सारल्या. नव्या पत्रिकेवर आपलं डाव्या हाताचं एकच बोट आडवं ठेवलं. एवढंच.

“एवढीशी?” मी म्हणालो. “अगं, दोन बोटं असते तुझी खूण. ही तर पुस्तकात सापडायचीसुद्धा नाही. मुलं म्हणतील, बाईंनी यंदा हात आखडता घेतला!”

बोललो आणि जीभ चावली. तिने मात्र ते मनावर घेतलं नाही. ते बोट तिथेच ठेवून “चलो” म्हणाली, वर्गात शेवटच्या बाकावरच्याला म्हणावं तसं.

मी कापलं, पण धुसफुसत कापलं. आणि खरं सांगायचं तर धुसफुशीच्या आत भीती होती. झटक्यानंतर कधी कधी मापं, अंतरं, आकडे यांचा गोंधळ होतो असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तोवर मी मनाशी धरून होतो की शब्द गेले, हात गेला, पण आतली ती जशीच्या तशी आहे. ते एक बोट बघून मला पहिल्यांदा वाटलं, नसेल तर? रुंद पट्ट्या मी फेकल्या नाहीत. उद्या तिच्या लक्षात येईल म्हणून खणात परत ठेवल्या.

चिकटवायच्या दिवशी मी मैद्याची खळ शिजवली. तिच्यात गुठळ्या झाल्या. त्याबद्दलचं ‘चलो’ इथे सांगण्यासारखं नाही. मग खळ लावताना कागद सरकायला लागला. मी धरायला पुढे होणार इतक्यात तिने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, झोपलेल्या पोराचा हात उचलावा तसा, आणि कागदावर नेऊन ठेवला. मूठ कागदावर बसली. वजन म्हणून. कागद हलायचा थांबला, आणि तिच्या डाव्या हाताने शांतपणे कडेपर्यंत खळ पसरली.

त्या हाताला आम्ही सगळे जपत होतो, चोळत होतो, उशीवर ठेवत होतो. तिने त्याला कामावर घेतलं होतं.

गोंड्यांच्या वेळी तर माझी मतीच गुंग झाली. गोंडा करायचा तर दोरा चार बोटांभोवती गुंडाळावा लागतो. तिने रेशमाचं टोक उजव्या मुठीत खुपसलं आणि त्या मुठीभोवतीच दोरा गुंडाळू लागली. वेढ्यावर वेढा, एकसारखा, घाई नाही. मग वेढा अलगद सरकवून काढला आणि गाठ मारायला माझ्यापुढे धरला. इतके दिवस मी ती मूठ कधी उघडेल याची वाट बघत होतो. हिला तिच्या मिटलेपणाचा उपयोग सापडला होता. मला तिचं कौतुक वाटलं असं म्हणणं फार तोकडं आहे. आषाढात गडावर चढावं, धुकं फाटावं आणि समोर किती खोल दरी आहे ते एकदम दिसावं, तसं झालं मला.

फिजिओथेरपीची मुलगी आली तेव्हा टेबलावर गोंड्यांची रांग होती. “अंकल, ये आंटी को किसने सिखाया?”

“इनको कौन सिखाएगा?” मी म्हणालो, आणि रांगेतला एक गोंडा उचलून तिला दाखवला.

जानेवारी सरत आला तशी ती दुपारी चार-सहा खुणा घेऊन आतल्या खोलीत जाऊ लागली. दार लोटून घ्यायची. आतून आवाज यायचा, “चलो... चलो...” कधी लाडीगोडीचा, कधी दम दिल्यासारखा. बाहेर आली की कपाळावर घाम. खुणांचे कोपरे दुमडलेले असायचे. मी विचारलं नाही. बंद दारामागे माणसाला थोडी जागा लागते, एवढं लग्नाच्या इतक्या वर्षांनी मला कळतं.

समारंभाच्या दिवशी शेजारीण येऊन निऱ्या घालून गेली. टॅक्सी पहाडगंजच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. पुढे ई-रिक्षा, सामान ओढत हॉटेल शोधणारे लोक आणि छोले-भटुऱ्यांच्या कढया. त्यातून काठी टेकत, एक पाय ओढत ती शाळेपर्यंत चालत आली. फाटकाशी उभं राहून तिने केस सारखे केले आणि आत गेली.

सभागृहात तिच्यासाठी पुढे खुर्ची होती. तिच्या मांडीवर खुणांची परडी. तिने सहावीत शिकवलेली पोरं आता उंचीने मुख्याध्यापिकांच्याही वर गेलेली. मुख्याध्यापिका वाकून म्हणाल्या, “बाई, तुम्ही आलात हेच खूप झालं. तुम्ही नुसत्या बसा. वाटायचं काम सर करतील.” मी उठलो. माझ्या कोटाचं टोक ओढलं गेलं आणि मी पुन्हा खाली बसलो.

“चलो,” ती मला म्हणाली. म्हणजे, हे तुमचं काम नाही.

तिने परडीतून एक खूण उचलली. डाव्या हाताने ती उजव्या मुठीत खोचली, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या फटीत. खूण तिथे ताठ उभी राहिली, गोंडा खाली लोंबत. मग डावा हात उजव्या कोपराखाली गेला आणि त्याने तो अख्खा हात वर उचलला, समोर केला. द्यायचा हात उजवाच.

तेव्हा मला ते एक बोट कळलं. त्या फटीत दोन बोटं रुंद खूण मावलीच नसती. डिसेंबरात, पहिल्या दिवशी, कात्री हातात घ्यायच्या आधी तिने हे सगळं मनात करून बघितलं होतं. माझ्या मनात जी शंका होती ती साफ खोटी निघाली. आत ती होती तशीच होती. छे, होती त्याहून कितीतरी मोठी होती, आणि मला ते आता दिसत होतं.

पहिली मुलगी पुढे आली. उंच, सडपातळ, दोन्ही हात पुढे केलेले. तिने खूण धरली, पण मुठीतून ती सुटेना. मूठ सोडणं हेच तर तिला जमत नव्हतं. मुलगी घाबरली, माझ्याकडे बघू लागली.

“ओढ, बाळ,” मी म्हणालो. “बाईंना दुखत नाही. ओढ तू.”

“चलो,” बायको म्हणाली, अगदी मऊ आवाजात. मुलीने ओठ दाबून खूण हळूच ओढून घेतली. मग वाकली आणि त्या मुठीला कपाळ टेकवलं.

त्यानंतर एकेक जण येत गेला. ती खोचत गेली, उचलत गेली. अर्ध्यावर खांदा थरथरू लागला, तरी थांबली नाही. कुणी काही सांगितलं नव्हतं, पण मागच्या मुलांनी टाळ्या वाजवणं बंद केलं होतं. सगळी नुसती उभी राहून बघत होती. मी रडत होतो, आणि लपवतही नव्हतो. जिच्या शेजारी बसून मी आयुष्यभर जेवलो त्या बाईसमोर त्या दिवशी मला उठून उभं राहावंसं वाटलं, आणि मी उभा राहिलो.

घरी आल्यावर ती बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसली ती हललीच नाही. मी चहा केला. चहा झाल्यावर तिने काठी उचलून कपाटाच्या खालच्या खणाकडे रोखली. मी उघडला. आत त्या पहिल्या रुंद पट्ट्या, माझ्या कात्रीने वाकड्या झालेल्या. तिने त्यातली एक मागून घेतली, मुठीच्या फटीला लावून बघितली. मावेना. ती हसली, अर्ध्या चेहऱ्याने.

मला तिने आजवर एकही खूण दिली नव्हती. ‘ज्याला पुस्तक नाही त्याला खूण कशाला,’ म्हणायची. मी वर्तमानपत्रापलीकडे कधी काही वाचलं नाही. आता तिने ती वाकडी पट्टी माझ्यापुढे धरली. डाव्या हाताने.

“अहो बाई, डाव्या हाताने?” मी म्हणालो.

“चलो,” ती म्हणाली. हा सूर मला ओळखायला वेळ लागला नाही. मुलांना द्यायचं ते नियमाने. घरच्या माणसाला कसला आलाय नियम.

मीही डावाच हात पुढे केला.